डावीकडचा पत्रा

"साहेब, तुमच्या गाडीतून जमीन दिसतेय," टायवाला म्हणाला आणि असा हसला, जणू मी हौसेनं खिडकी करून घेतली आहे. गॅरेजात गळ्यात टाय बांधून फिरणारा माणूस मला पहिल्या दिवसापासून पटलेला नाही. जिथं सगळ्यांच्या कोपरापर्यंत ग्रीस, तिथं टाय कशाला, हात पुसायला? पण तो इथला सुपरवायझर. गाड्या त्याच्याच हातून आत जातात आणि त्याच्याच मर्जीनं बाहेर येतात. तेव्हा मी 'हं' म्हटलं आणि त्याच्या मागोमाग रॅम्पपाशी गेलो. गाडी वर उचललेली होती. स्वतःची गाडी खालून बघणं हा काही चांगला अनुभव नाही. आपल्या माणसाचं ऑपरेशन दारातून दिसावं तसं वाटतं. मुनी तिच्या पोटाखाली उभा होता. मुनी म्हणजे इथला मिस्तरी. तो बोलतच नाही म्हणून सगळे त्याला मुनी म्हणतात. त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक पत्र्याला लावलं, नुसतं लावलं, आणि गंजाचा चुरा त्याच्या टोपीवर पडला. तिथं मुठीएवढं भोक होतं आणि त्यातून छतावरच्या ट्यूबलाइटचा उजेड खाली येत होता. उद्या सकाळी गाडीचं पासिंग. ठरावीक मुदतीनं तपासणी केंद्रावर गाडी न्यायची, त्यांनी ठोकून-ठाकून बघायची, शिक्का द्यायचा. बुडाला भोक असलेली गाडी ते दारातूनच परत पाठवतात, हे सांगायला टायवाल्याची गरज नव्हती. तरी त्यानं सांगितलंच. "हं," मी म्हटलं. आतल्या आत मी काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग त्यानं मला काउंटरपाशी नेऊन स्क्रीन दाखवली. स्क्रीनवर माझी गाडी तीन रंगांत विभागली होती. लाल म्हणजे करावंच लागेल, हिरवं म्हणजे ठीक आहे, आणि या दोघांच्या मधे पिवळ्याचं एक लांबलचक शेपूट: वायपरची रबरं, कूलंट, चाकांची अलाइनमेंट, एसीतला वास, बॅटरीच्या टोकावरची पांढरी बुरशी, खालून मारायचा कसलासा काळा लेप. "पिवळं म्हणजे काय?" मी विचारलं. "म्हणजे साहेब, करून घेतलेलं बरं." "पासिंगला लागतं का?" "पासिंगला तसं लागत नाही." "मग कशाला लागतं?" "मनाला बरं वाटतं, साहेब." माझा जन्म गेला आहे लोकांचे वजनकाटे तपासण्यात. दुकानादुकानांत जायचं, पेटीतली प्रमाण वजनं काढायची, काट्यावर ठेवायची, बघायचं. काटा खरा असतो किंवा खोटा असतो. पिवळा काटा नसतो. किराणावाल्याला मी कधी म्हटलेलं नाही की तुमचा काटा चालेल, पण दुरुस्त करून घेतलात तर मनाला बरं वाटेल. आणि इथं हा माझ्याच गाडीच्या आतड्यांची यादी वाचून मला विचारतो, काय काय करायचं सांगा. मला काय माहीत? मी काही अलाइनमेंट उशाशी घेऊन झोपत नाही. डॉक्टरकडेही हल्ली तसंच झालं आहे. तपासतात ते आणि ठरवायचं आपण. मी त्याला शांतपणे सांगितलं की पासिंगला लागेल तेवढंच करा, बाकी पिवळं पिवळंच राहू द्या. शांतपणे हा शब्द मी मुद्दाम लिहितोय. गेलं वर्षभर मी शांत माणूस आहे.

"पण हे भोक पडलं कसं?" मी विचारलं, कारण तो प्रश्न मला सतावत होता. गाडी काही भंगारातली नाही. मी तिला झाकून ठेवतो, धुतो, तिचं सगळं वेळच्या वेळी करतो. टायवाल्यानं खांदे उडवले, गाडी खाली घ्यायला लावली आणि डावीकडचं पुढचं दार उघडून रबराची मॅट बाहेर ओढली. मॅटला एका जागी आरपार भोक होतं. त्याखालचा गालिचा तिथंच झिजून नुसते दोरे उरलेले. ओल्या चपलांचं पाणी वर्षानुवर्षं त्यातून झिरपलं असणार आणि खाली पत्र्याला सावकाश गंज चढला असणार. झिजलेल्या जागेचा आकार मागं गोल आणि पुढं निमुळता होता. त्याच्या पुढच्या बाजूला, जिथं तळ तिरका वर चढतो, तिथं चवड्याचा गुळगुळीत डाग. उजवा पाय. "इथं काय जड ठेवता का साहेब? सिलिंडर वगैरे?" टायवाल्यानं विचारलं. मला माहीत होतं तिथं काय ठेवलेलं असायचं. तिथं माझ्या बायकोचा पाय असायचा.

लग्नानंतर आम्ही पहिली गाडी घेतली तेव्हापासून ही शेजारी बसून ब्रेक दाबते. पुढं ट्रक दिसला की दाबते, सिग्नल पिवळा झाला की दाबते, फुटपाथवर एखादं कुत्रं उतरू की नको असा विचार करत उभं असलं तरी दाबते. अपघात म्हणाल तर माझ्या हातून आजवर एकही झालेला नाही, तिच्या माहेरीही कुणाचा झालेला नाही, तेव्हा भीती कुठून आली म्हणून विचाराल तर कुठूनच नाही. तिला स्वतःला गाडी येत नाही. शिक म्हटलं तर म्हणायची, मला कुठं चालवायचीय, मला फक्त थांबवायचीय. बरं, मी काही बेफाम चालवणारा माणूस नाही. मला अंतराचा अंदाज आहे; मोजण्यावरच माझी भाकरी आहे. पुढच्या गाडीच्या किती मागं किती वेगात ब्रेक लावला की आपण कुठं थांबतो हे मला नेमकं कळतं आणि मी तिथंच थांबतो, ना अलीकडे ना पलीकडे. हिला ते नेमकेपण म्हणजे निष्काळजीपणा वाटायचा. माझा ब्रेक लागायच्या कितीतरी आधी हिचा लागलेला असायचा. टाच रोवलेली, गुडघा ताठ, हात दाराच्या मुठीवर. किती वेळा सांगितलं, अगं तिकडे ब्रेक नाही, कंपनीनं दिलेला नाही. म्हणायची, माहीत आहे. आणि पुढच्या वळणावर पुन्हा दाबायची. पालथ्या घड्यावर पाणी. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तशी माझी जायची. फक्त तळपाय तिचा आणि मस्तक माझं.

आणि ते गाडीपुरतंच असतं तर एक वेळ ठीक होतं. तो पाय घरातही चालायचा. लेकीनं एकदा जेवताना सांगितलं की ती नोकरीसाठी लांबच्या शहरात जाणार आहे, तिकीटही काढलंय. तेव्हा ही तोंडानं म्हणाली, छान झालं, आणि टेबलाखाली तिची टाच फरशीवर रुतली ती मला दिसली. मी एकदा साहेबांच्या तोंडावर राजीनामा फेकायचा बेत बोलून दाखवला, तेव्हाही तसंच. कुणी काही ठरवलं, काही सुटायला लागलं, वेग घ्यायला लागलं की हिचा पाय आपोआप खाली जायचा. मी बघायचो आणि माझं डोकं फिरायचं, कारण तोंडानं ती कधी नको म्हणायची नाही. म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं. पायाशी कोण भांडणार?

गेल्या वर्षी या सुमारास डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर बघितलं आणि चष्मा काढून ठेवला. चिडणं बंद, म्हणाले. लेकीनं फोनवर तासभर शिकवणी घेतली: बाबा, रिॲक्ट होऊ नका, सोडून द्यायला शिका, आई पाय दाबते तर दाबू दे, तुम्ही समोर बघून चालवा. मी शिकलो. उतारवयात माणूस काही शिकत नाही असं म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे यावं. पहिले काही दिवस जड गेले, दात-ओठ आवळून बसायचो, पण नंतर जमलं. तिचा पाय खाली गेलेला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचा आणि मी समोरच बघायचो. काही म्हणजे काही वाटू द्यायचं नाही. हळूहळू घरातही जमलं. ती काही म्हणाली की मी 'हं' म्हणायचो. 'हं' हा फार गुणी शब्द आहे. त्यात होही नाही, नाहीही नाही, आणि दाब एका जागी राहतो. पुढच्या तपासणीला डॉक्टर खूश, लेक खूश, ऑफिसात लोक म्हणायला लागले, साहेब किती शांत झालेत. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटायचा. एवढ्या वर्षांच्या बायकोला आपण एक शांत नवरा दिला, आयतं सुख हातात ठेवलं, असं मला वाटायचं.

आणि नेमकं तेव्हापासून हिनं नवीनच टुमणं लावलं: गाडीचे ब्रेक लागत नाहीत. इतक्या वर्षांत ब्रेकला तिनं कधी नाव ठेवलं नव्हतं हो, ती आपला दाबायची आणि गप्प बसायची. आता गाडीतून उतरली की, अहो, ब्रेक बघून घ्या. रस्त्यात मधेच, आज अजिबात लागत नाहीयेत. मी शांतपणे इथं आलो. मुनीनं चाकं काढली, पॅड बघितले, ब्रेक तपासायच्या रोलरवर गाडी घालून दोन्ही बाजूंची ओढ मोजली. डावं-उजवं तंतोतंत. तो कागद मी तिला नेऊन दाखवला. तिनं वाचला, घडी घातली आणि गरम पातेल्याखाली ठेवला. आठवडाभरानं पुन्हा: ब्रेक लागत नाहीत. पुन्हा गॅरेज, पुन्हा रोलर, पुन्हा उत्तम. ज्या माणसानं आयुष्यभर मोजून दाखवलं की विषय संपवला, त्याला घरात मोजून दाखवून विषय संपत नाही, याच्याइतका छळ नाही. दुकानदार तरी शिक्का बघून गप्प बसतो. पण मी चिडलो नाही. एकदाही नाही. 'हं, बघतो' म्हणायचो आणि जाऊन बघून यायचो.

मग मेव्हणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ही तिच्याकडे राहायला गेली, पंधरवड्यासाठी म्हणून, आणि बसनं गेली. मी सोडतो म्हटलं तर नको म्हणाली. पंधरवडा उलटला, महिना उलटला. मेव्हणी काठी टाकून बाजारात जायला लागली, जिने चढायला लागली, परवा म्हणे शेजारणीकडच्या कार्यक्रमात गाऊनही आली. तरी हिचा परतायचा पत्ता नाही. विचारलं की म्हणते, बघू. गेल्या आठवड्यात तिनं फोनवर सहज सांगितलं, "माझी शिलाई मशीन जरा पाठवता आली तर बघा. इथं वेळ जात नाही." मी 'हं' म्हणालो खरा, पण फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्या मशीनकडे बघत बसलो. चार दिवस पाहुणं म्हणून जाणारं माणूस कपडे नेतं, फार तर उशी नेतं. शिलाई मशीन नेत नाही. मशीन नेतं ते राहायला जाणारं माणूस. आणि काल रात्रीच्या जेवणाआधी तिचा पुन्हा फोन. "पासिंगला टाकताय ना गाडी? मग ब्रेकचं एकदाचं काय ते करा. झाले तर या रविवारी न्यायला, मी येईन. नाही झाले तर मशीन तेवढी ठेवून जा. मी इथंच बरी आहे." इथंच बरी आहे. त्यात राग नव्हता. राग असता तर मला धीर आला असता. बसमधे जागा मिळाली हे सांगावं तशी ती बोलली. मला भीती वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

तेव्हा आज सकाळी गॅरेजात येताना मी एकच ठरवून आलो होतो: ब्रेक. आणि यादी पुन्हा नीट बघतो तर शेपटाच्या अगदी टोकाला ब्रेकही पिवळ्यात. "पासिंगला चालतील साहेब," टायवाला म्हणाला. "रोलरवर पास आहेत. पॅड बदललेत तर बरं." हे मात्र मला पटेना. पॅड दोन उन्हाळ्यांपूर्वी टाकलेले, आणि मी पॅड वाया घालवणारा माणूस नाही. माझे पॅड इतके टिकायचे की मुनी हातात घेऊन बघत राहायचा. मी पिशवीतून जाडी मोजायचा माझा स्वतःचा कॅलिपर काढला. तो माझ्याजवळ असतोच, काहींच्या खिशात कंगवा असतो तसा. मुनीनं चाक उतरवलं, पॅड माझ्या तळहातावर ठेवला. मोजला. पुन्हा मोजला. दुसऱ्या चाकाचाही मोजला. एरवी तीन-चार वर्षांत झिजावा तेवढा या एका वर्षात झिजला होता. कॅलिपर खोटं बोलत नाही, तो मीच दर वर्षी प्रमाण करून आणतो. "मधे गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला दिली होती का साहेब?" टायवाल्यानं विचारलं. "कारण हा हात वेगळा वाटतो. आधीचा ड्रायव्हर सांभाळून चालवायचा, हा आपला जाऊन थेट ब्रेकवर उभा राहतो." "या गाडीला दुसरा ड्रायव्हर नाही," मी म्हटलं. "आधीही मीच होतो आणि आताही मीच आहे." "मग रस्ता बदलला असेल." "रस्ता तोच आहे." तो पुन्हा हसला. मला त्याचा टाय धरून ओढावासा वाटला. मी म्हटलं, "हं."

पत्रा बसवायचं काम सुरू झालं आणि मी आतल्या काचेच्या खोलीत जाऊन बसलो. तिथं एक फिशटँक आहे, त्यात मासा नाही, नुसते बुडबुडे. बाहेर वेल्डिंगचा निळा उजेड फडफडत होता. खुर्चीत बसून माझं आपलं गणित चालू होतं. काटा बदलला की दोनच कारणं असतात: एक तर काटा बिघडलाय, नाहीतर त्यावर कुणाचा तरी हात आहे. दुकानात मी आधी हात बघतो. अंगठा कुठं टेकलाय, पिशवी कुठं अडकलीय. इथं काटा ठीक होता. गाडीत वजन उलट कमी झालं होतं, दोन महिने ती बसलेलीच नव्हती. मग झिजलं कशानं? मी पूर्वीसारखाच चालवत होतो. पूर्वीपेक्षा चांगला चालवत होतो, शांतपणे, समोर बघून, कुणाच्या पायाकडे लक्ष न देता. गणित सुटेना तसा वैताग वाढत गेला. टायवाल्याचा आला, मुनीचा आला, एवढा मोठा माणूस आणि तोंड उघडायला काय होतं. पासिंगवाल्यांचा आला, डॉक्टरचा आला, आणि सगळ्यांपेक्षा जास्त तिचा आला. म्हणजे तीच बरोबर निघाली की. ब्रेक खरोखरच झिजले होते. वर्षभर मी कागद दाखवत बसलो आणि पॅड झिजत होते. पण ती म्हणायला लागली तेव्हा तर ते उत्तम होते, मी मोजून घेतलेले! झिजायच्या आधीच हिला कसं कळलं? घरी दोन महिने 'हं' म्हणायलाही कोणी नाही. परवा कुकरला मी 'हं' म्हणालो. चहाचे कप दोन काढायची सवय हाताला आहे, मग एक परत ठेवायचा, त्याचाही राग येतो. मला ती घरात हवी होती, सगळ्या पायाबियासकट हवी होती, आणि त्यासाठी काय दुरुस्त करायचं ते मला कोणी लाल रंगात दाखवत नव्हतं.

शेवटी मी उठलो, काउंटरवर गेलो आणि म्हटलं, "पॅड चारही चाकांचे नवे टाका. पत्रा चालूच आहे. वायपर नको, लेप नको, वास आहे तो राहू दे." टायवाला म्हणाला, "पत्र्याऐवजी तिथं ब्रेकच बसवून घ्या ना साहेब, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत असतो तसा. वहिनींना बरं होईल." म्हणजे भोक कशानं पडलं ते त्याच्याही डोक्यात शिरलं होतं तर. मी खिडकीपाशी गेलो आणि तिला फोन लावला. तिनं लगेच उचलला.

"झाले का ब्रेक?"

"होतायत. चारही नवे टाकतोय. पॅड खरंच झिजले होते."

"मी म्हणत नव्हते?"

"हं. आणि तुझ्या बाजूचा पत्राही बदलावा लागला."

"माझ्या बाजूचा? त्याला काय झालं?"

"भोक पडलं होतं. तुझ्या टाचेनं."

"अगंबाई," ती म्हणाली. "आरपार?"

"आरपार. खालून उजेड दिसत होता. तिकडे ब्रेक नाही हे तुला माहीत आहे ना?" मी अगदी शांतपणे विचारलं.

"खुळी आहे का मी? माहीत आहे." आणि म्हणाली, "लागायचा पण."

"काय लागायचा?"

"ब्रेक. माझ्या बाजूचा. अहो, मी पाय दाबला की तुम्ही 'च्' करायचात. आणि तुम्ही 'च्' केलंत ना, की तुमचा रेसवरचा पाय उचलला जायचा. दर वेळी. तुम्हाला नाही कळत ते, शेजारी बसणाऱ्याला कळतं. गाडी जराशी हळू व्हायची. मला तेवढं पुरायचं हो. एवढी वर्षं त्याच्यावरच भागवलं मी."

माझ्या हातात फोन होता आणि बाहेर मुनी नवा पत्रा ठोकून बसवत होता. माझे पॅड इतकी वर्षं का टिकायचे, ते गणित मला तिथं उभ्या उभ्या सुटलं.

"मग तुमचं ते शांत होणं सुरू झालं," ती म्हणाली. "मी आपली दाबतेय, दाबतेय, आणि तुम्ही समोर बघताय, पुतळ्यासारखे. गाडी जातेच आहे. आणि नुसतं गाडीत नाही. घरात मी विचारते, पडदे बदलू का, तर हं. ताईकडे राहू का चार दिवस, तर हं. एकदा मुद्दाम म्हटलं, गॅस उघडा ठेवून बाहेर जाऊ का? हं! सगळे म्हणतात, नवरा किती शांत झालाय, नशीब काढलंस. मला वाटायचं, माणूस मधेच कुठंतरी उतरून गेलाय आणि गाडी आपली चाललीय. आणि मी आत."

"मग तसं सांगायचंस. ब्रेक, ब्रेक काय म्हणत बसलीस वर्षभर?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

काय म्हणालो असतो ते दोघांनाही माहीत होतं. ती म्हणाली, "म्हणून म्हटलं, मशीनच मागवावी. आणताय ना?"

आणि मला काहीतरी झालं. वर्षभर मी गिळत आलो होतो. गोळ्या, रोलर, कागद, समोर बघणं, कुकरशी बोलणं, सगळं गिळलं, कशासाठी, तर हिला त्रास नको म्हणून. आणि ही बाई तिकडे माझ्या चिडण्याची वाट बघत बसली होती! सांगायला काय झालं होतं? तोंड नव्हतं? रस्त्यावरचं कुत्रं दिसतं, फुटपाथवरचं पोर दिसतं, आणि शेजारी नवरा जीव तोडून शांत बसलाय तो दिसत नाही? पॅड झिजले, पत्रा सडला, मी एकटा स्वयंपाकघरात भांड्यांना उत्तरं देतोय, आणि हिचं म्हणणं काय, तर 'च्' करत नाही!

"च्!" मी म्हणालो. ते इतकं मोठ्यानं आलं की काउंटरवरच्या टायवाल्यानं मान वळवली.

पलीकडून तिचा श्वास ऐकू आला, लांब, सैल सुटल्यासारखा. ती रडतेय की हसतेय ते मला कळेना.

"या रविवारी," ती म्हणाली. "मी तयार राहते. मशीन असू द्या घरीच. आणि हळू चालवत या."

"मी हळूच चालवतो!" मी एवढ्या जोरात ओरडलो की गाडीखालून मुनीनं डोकं बाहेर काढलं.